सुटकेनंतरचा पावसाळा : वेठबिगार पुनर्वसन योजनेची एक उलटतपासणी

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की, ‘आधुनिक गुलामगिरी’ हा शब्द तुम्ही वापरता, पण आपल्याकडे तो कितपत लागू पडतो? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडचा जुना शब्द वेठबिगारी. कायद्यातही तोच आहे, आणि मला तोच बरा वाटतो. ‘आधुनिक’ म्हटलं की काहीतरी नवीन आलंय असं वाटतं, आणि इथे नवीन फारसं काही नाही. पैसे आगाऊ द्यायचे, त्या पैशापायी माणूस बांधून घ्यायचा, आणि हिशोब असा ठेवायचा की तो कधी फिटूच नये. एवढीच गोष्ट आहे.

पण आज मला बांधून घेण्याबद्दल बोलायचं नाही. त्यावर खूप बोललं जातं. सुटका होते, फोटो येतो, पेपरात बातमी येते. मला बोलायचंय ते बातमी छापून झाल्यानंतरच्या काळाबद्दल. सरकार त्या माणसाला काय देतं, किती देतं, आणि मुख्य म्हणजे किती दिवस देतं. त्यासाठी आज आपण एक सरकारी योजना घेऊन बसणार आहोत. पुस्तकाचं परीक्षण करतात ना, तसं योजनेचं परीक्षण. योजना हासुद्धा एक मजकूरच असतो. तो कोणी लिहिलाय, त्याच्या डोळ्यांसमोर कोण होतं, काय सुटून गेलं, हे वाचता येतं.

थोडी मागची गोष्ट सांगतो. ब्रिटिश साम्राज्यात १८३३ साली गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला, तेव्हा भरपाई म्हणून दोन कोटी पौंड वाटले गेले. ते मिळाले मालकांना. गुलामांना एक पैसाही नाही. उलट त्यांना आणखी काही वर्षं ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्याच मालकाकडे राबावं लागलं, ते १८३८पर्यंत. आणि त्या भरपाईसाठी काढलेलं कर्ज ब्रिटिश सरकार २०१५ सालापर्यंत फेडत होतं. म्हणजे दीर्घकालीन मदत सरकारांना जमत नाही असं नाही. ती कोणाला द्यायची हा प्रश्न आहे.

या पार्श्वभूमीवर आपला १९७६चा कायदा वाचला की खरंच बरं वाटतं. आणीबाणीतला कायदा आहे, वीस कलमी कार्यक्रमातला. ऑक्टोबर १९७५मध्ये वटहुकूम आला, फेब्रुवारी १९७६मध्ये अधिनियम. आणीबाणीबद्दल आपलं मत काहीही असो, कायदा म्हणून तो धीट आहे. वेठबिगारीचं कर्ज त्याने एका फटक्यात संपवलं. सावकाराला भरपाई नाही. मजुराला राहत्या घरातून काढता येणार नाही. आणि कलम १५ तर फारच महत्त्वाचं : मजूर म्हणाला की हे वेठबिगारीचं कर्ज आहे, तर ते तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सावकारावर. आपल्याकडे इतक्या स्पष्टपणे गरिबाच्या बाजूने पुराव्याचं ओझं फिरवणारे कायदे कमी आहेत. जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या नेमायच्या, आणि सुटलेल्या माणसाचं आर्थिक-सामाजिक पुनर्वसन हे त्या समित्यांचं काम, असंही त्यातच लिहिलंय.

लिहिलंय, पण पुनर्वसन म्हणजे नेमकं काय, किती वर्षं, हे कायद्यात नाही. ते योजनेवर सोडलं. १९७८ साली केंद्राने योजना काढली. सुरुवातीला माणशी चार हजार रुपये, निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे. पुढे ही रक्कम सव्वासहा हजार, दहा हजार, आणि २००० साली वीस हजार झाली. मग सोळा वर्षं तिथेच थांबली. २०१६ साली नवी योजना आली आणि आकडे एकदम वाढले : पुरुष मजुराला एक लाख, स्त्रिया आणि मुलांना दोन लाख, आणि लैंगिक शोषणातून सुटलेल्या बायका-मुलं, तृतीयपंथी, अपंग अशांना तीन लाख. राज्याच्या हिश्श्याची अट काढून टाकली. सुटका झाल्याबरोबर हातात द्यायची रक्कम वेगळी. २०२२पासून लागू झालेल्या सुधारित योजनेत ती तीस हजारांपर्यंत आहे. जिल्ह्यात दहा लाखांचा निधी कायम तयार ठेवायचा. घरासाठी जागा, शेतजमीन, रेशन, मुलांचं शिक्षण, हेही योजनेत आहे. कागदावर पाहिलं तर टीका कुठून सुरू करावी असा प्रश्न पडतो.

मी तिथूनच करतो. एक लाख, दोन लाख, तीन लाख. सगळी योजना रकमेच्या भाषेत आहे. वर्षांच्या भाषेत नाही. या माणसाकडे सहा महिन्यांनी कोण जाणार, एक वर्षाने कोण जाणार, तो पुन्हा भट्टीवर गेला तर ते कोणाला कळणार, याचं उत्तर मजकुरात सापडत नाही. सरकारला जखमेची किंमत ठरवता आली, बरं व्हायला लागणारा वेळ ठरवता आला नाही.

आता त्या मोठ्या रकमेपर्यंत पोचायचं कसं ते बघा. योजनेत पूर्ण रक्कम आरोपीच्या दोषसिद्धीशी जोडलेली आहे. म्हणजे मालकाला शिक्षा झाली की मजुराला पुनर्वसन. लिहिणाऱ्याला यातली अडचण कळलेली दिसते, म्हणून पुढे सवलत आहे : खटला संपला नसेल पण प्रशासनाला प्रथमदर्शनी वेठबिगारी दिसली असेल, तर प्रस्ताव अडवू नये. छान. आणि लगेच त्याच्या खाली पुन्हा : अंतिम वाटप मात्र न्यायालयीन प्रक्रियेनुसारच. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं. तालुक्याच्या कचेरीतला कारकून या दोन वाक्यांपैकी कुठलं वाचेल, हे तुम्हाला-मला माहीत आहे. ज्यात सही केल्याने आपल्यावर काही येणार नाही, ते.

गंमत म्हणजे १९७६च्या कायद्यात यावर उपाय होता. कार्यकारी दंडाधिकाऱ्याला खटला चालवायचे अधिकार देता येतात, आणि खटला संक्षिप्त पद्धतीने, म्हणजे झटपट चालवता येतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड दोन हजारांपर्यंत. दंडाचा हा आकडा पन्नास वर्षांपूर्वीचा आहे, आज हसू येतं. पण झटपट न्यायाची कल्पना चांगली होती. पुढे मानवी तस्करीचं कलम ३७० कडक झालं, २०१३ साली. कार्यकर्त्यांना वाटलं, मोठं कलम लावू, मालकाला मोठी शिक्षा होईल. त्यात मीही होतो. मोठं कलम म्हणजे सत्र न्यायालय, म्हणजे वर्षानुवर्षं तारखा. आणि योजना म्हणते दोषसिद्धी दाखवा. आमच्याच कडकपणाने आमच्याच माणसाचे पैसे लांबले, हे उशिरा लक्षात आलं.

त्यात स्थलांतर. ज्या जिल्ह्यात भट्टी, तिथे गुन्हा. ज्या जिल्ह्यात घर, तिथे रेशनकार्ड. राज्यंही वेगळी असू शकतात. खटल्याची तारीख एकीकडे, बँकेचं खातं दुसरीकडे, आणि साक्षीला यायचं तर दोन दिवसांची मजुरी बुडवून. मुक्तीचा दाखला तेवढा खिशात.

त्या दाखल्याबद्दल एक सांगतो. काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका तालुक्यात, नाव घेत नाही, एका कातकरी कुटुंबाबरोबर मी कचेरीत बसलो होतो. नवरा-बायको, तीन मुलं, वीटभट्टीवरून सुटलेली. प्रांतसाहेबांनी दाखले दिले, चांगल्या शब्दांत बोलले. तातडीची रक्कम मात्र त्या दिवशी मिळाली नाही, कारण खातं नव्हतं. खात्यासाठी आधार, आधारसाठी पत्ता, आणि पत्ता तर जंगलखात्याच्या जागेवरची झोपडी. बाईंनी दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, घरी गेल्यावर छपराच्या वाशाला खोचून ठेवला. पुढच्या दिवाळीनंतर मी त्या वाडीवर गेलो तर घर बंद. शेजारची म्हणाली, गेली भट्टीला. दुसऱ्या भट्टीला, दुसऱ्या शेठकडे, नवा बयाणा घेऊन. मी शोधत गेलो. मला जरा रागच आला होता, खोटं कशाला बोलू. इतकी धावपळ केली आम्ही. त्या बाई विटा थापता थापता म्हणाल्या, “दादा, दाखला हाय ना घरी. पर सरावनात त्यो शिजवून खायचा का?”

श्रावणात. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची माहिती त्या एका शब्दात आहे, आणि योजनेत नेमकी तीच नाही.

कातकऱ्यांच्या वर्षाकडे बघा. ठाणे, पालघर, रायगड, सगळीकडे थोडंफार सारखंच. दिवाळीनंतर भट्टी लागते, पाऊस तोंडावर येईपर्यंत चालते. हंगामात शेठ आठवड्याला खर्ची देतो, ती बयाण्यातून वजा होते, हिशोब शेवटी. विटा हजारावर मोजल्या जातात, आणि मोजणी करणारा शेठचाच माणूस. हंगाम संपतो, माणसं वाडीवर परततात. जुलैमध्ये थोडी आवणीची मजुरी मिळते. मग ऑगस्ट. काम नाही, घरातलं धान्य संपलेलं, पोरं तापाने फणफणलेली. अशा वेळी शेठचा माणूस वाडीवर येतो. त्याला कोणी बोलवावं लागत नाही. तो पाच-दहा हजार ठेवून जातो, आणि तिथेच पुढचा हंगाम ठरतो. वेठबिगारी भट्टीवर सुरू होत नाही, ती पावसाळ्यात घरात सुरू होते. उसाच्या पट्ट्यात तोडणीला जाणाऱ्या जोडप्याला ‘कोयता’ म्हणतात, आगाऊ रकमेला ‘उचल’ म्हणतात, देणारा मुकादम असतो. सगळेच ऊसतोड कामगार वेठबिगार नाहीत, हे स्पष्ट म्हणायला हवं, पण दोर त्याच सुताचा आहे.

आणि हे महाराष्ट्र सरकारला माहीत नव्हतं असं समजू नका. चांगलं माहीत होतं. १९७८पासून आपल्याकडे आदिवासींसाठी खावटी कर्जाची योजना होती, ती नेमकी याच महिन्यांसाठी, सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून. योगायोग बघा, ज्या वर्षी केंद्राची वेठबिगार पुनर्वसन योजना आली त्याच वर्षी. एका योजनेला वेठबिगारीचा शेवट दिसत होता, दुसरीला तिची सुरुवात. दोघींची गाठ कधी घालून दिली नाही. खावटी पुढे रडतखडत चालली. करोनाच्या काळात, २०२० साली, तिचं कर्जाऐवजी अनुदान केलं : कुटुंबाला चार हजार, निम्मं वस्तूंत, निम्मं रोख. मुक्तीचा दाखला ज्याच्याकडे आहे त्याला पुढची काही वर्षं खावटी आपोआप, न मागता, आषाढाच्या आधी, एवढी एक ओळ केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही कागदात घातली असती तर मी आज वेगळं व्याख्यान दिलं असतं.

२०२२ साली इगतपुरी भागातल्या कातकरी वाडीतली मुलं नगर जिल्ह्यात मेंढपाळांकडे राबायला ठेवलेली सापडली. आईबापांना मिळालं होतं ते थोडे पैसे आणि एखादी मेंढी. एक मुलगी त्यात दगावली, तेव्हा हे बाहेर आलं. त्यावर पेपरांतून ‘आईबापांनी मुलं विकली’ असं आलं. मला तो मथळा अजून बोचतो. ज्या घरात पावसाळ्यात एक तोंड कमी करावं लागतं, त्या घराला ‘विकलं’ हा शब्द लावताना लिहिणाऱ्याचा हात अडखळायला हवा होता.

योजनेच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर परीक्षण एकांगी होईल. स्त्रिया-मुलांच्या दोन लाखांपैकी सव्वा लाख ठेवीत गुंतवायचे आणि त्यातून नियमित उत्पन्न द्यायचं, उरलेले पंचाहत्तर हजार खात्यात, अशी तरतूद आहे. तीन लाखांतले दोन लाखही असेच ठेवीत. मला वाटतं, संपूर्ण मजकुरात वेळेचा विचार झालेली हीच एक जागा. कोणीतरी शहाण्या माणसाने लिहिली असणार. महिन्याला थोडं का होईना, येत राहतं. पण सव्वा लाखावर महिन्याचं व्याज किती होईल, तुम्हीच हिशोब करा. पाचसहाशे ते सात-आठशे. शेठचा माणूस पाच-दहा हजार ठेवून जातो. दिशा बरोबर आहे, बळ नाही.

सुप्रीम कोर्टाने हे सगळं चाळीस वर्षांपूर्वी ओळखलं होतं. डिसेंबर १९८३मध्ये बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवतींनी फरिदाबादच्या दगडखाणींबद्दल निकाल दिला. त्या खाणींतून सुटलेले काही मजूर आपल्या गावी, तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या बिलासपूर जिल्ह्यात परतले. पत्रकार नीरजा चौधरी यांनी लिहिलं की महिने गेले तरी त्यांच्यासाठी काहीही झालेलं नाही. त्यावरून १९८४चा निकाल आला. सार असं की ओळखणं आणि सोडवणं पुरेसं नाही, पुनर्वसन लगोलग झालं पाहिजे, नाहीतर मुक्त माणूस उपासमारीत ढकलला जातो आणि परत बेडीत जातो. हे राज्यघटनेच्या कलम २१ आणि २३चंच मागणं आहे, असं कोर्ट म्हणालं. म्हणजे दया नाही, हक्क. १९९७पासून कायद्याच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवायचं काम मानवी हक्क आयोगाकडे आहे. आणि तरी दोषसिद्धीची अट २०१६ साली आली! निकाल वाचून मग योजना वाचली की प्रश्न पडतो, लिहिणाऱ्याने निकाल वाचला होता का?

त्याच २०१६ साली सरकारने असंही जाहीर केलं होतं की २०३०पर्यंत एक कोटी चौऱ्याऐंशी लाख वेठबिगार मुक्त करून त्यांचं पुनर्वसन करू. १९७८पासून आजवरच्या पुनर्वसनाचा सरकारी आकडा तीन लाखांच्या आसपास आहे. यावर मी अधिक काही बोलत नाही.

बाहेर काय परिस्थिती आहे, असं विचाराल. ब्रिटनचं उदाहरण नेहमी देतात. २०१५चा त्यांचा आधुनिक गुलामगिरी कायदा गाजला. तिथे निदान भांडण दिवसांवर तरी चालतं. इंग्लंडमध्ये सावरायला पंचेचाळीस दिवस होते, २०२२च्या कायद्याने किमान मुदत तीस केली. स्कॉटलंडमध्ये नव्वद. ‘तुम्ही बळी आहात’ असा अंतिम निर्णय झाल्यावर ठरावीक दिवसांनी मदत बंद, ही पद्धत २०१९ साली कोर्टात आव्हान दिल्यावर सोडावी लागली, आणि माणसाची गरज बघून ठरवू असं आलं. लॉर्ड मॅकॉल यांनी बारा महिन्यांच्या मदतीचं विधेयक पुन्हा पुन्हा मांडलं, ते कायदा झालं नाही. मला त्यांची व्यवस्था आदर्श वाटत नाही. पण पंचेचाळीस की तीनशे पासष्ट, हा प्रश्न तिथे विचारला जातो. आपण अजून ‘एक लाख की दोन लाख’ इथेच आहोत.

आता आक्षेप. अधिकारी मित्र म्हणतात, वर्षानुवर्षं मदत द्यायची म्हटली तर खोटे दाखले निघतील. निघतील, थोडे. पण प्रत्यक्षात याच भीतीपोटी खरे दाखले निघत नाहीत. भट्टीवर धाड पडते आणि प्रकरण ‘किमान वेतनाचा वाद’ म्हणून मिटवलं जातं. १९८२च्या एशियाड मजुरांच्या निकालात कोर्टाने सांगितलंय की किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवणं हीच सक्तीची मजुरी. तरीही. कारण वेठबिगार सापडला म्हणजे जिल्ह्याला बट्टा लागला, अशी समजूत. ती समजूत बदलेपर्यंत दक्षता समितीच्या बैठका चहाबिस्किटांवर संपणार.

दुसरा आक्षेप, लोक मदतीवर अवलंबून राहतील. यावर मी गोदावरी परुळेकरांची आठवण देतो. १९४५ साली त्यांनी वारल्यांना संघटित केलं, तेव्हा वेठ आणि लग्नगडी या दोन प्रथा मोडल्या. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी कर्ज घेतलं की नवराबायको दोघं जन्मभर सावकाराचे. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचलेल्यांना हे माहीत आहे. त्या प्रथा मोडल्या त्या संघटनेने, आणि मोडलेल्या राहिल्या त्याही माणसं एकत्र राहिली म्हणून. पुढे ऐंशीच्या दशकात वसई-ठाण्यात विवेक पंडितांच्या श्रमजीवी संघटनेनेही सुटलेल्या मजुरांचीच संघटना बांधली. सरकारी योजनेत व्यक्ती आहे, तिचं खातं आहे, संघटना कुठेच नाही. पाच कुटुंबं एकाच भट्टीवरून सुटली तर पाच फायली होतात. त्यांना एकत्र जमीन, एकत्र भट्टीचा परवाना, स्वतःच्या विटा, असा विचार मजकुराला सुचलेला नाही. विटा पाडायचं कसब तर त्यांच्याच हातात आहे ना?

इथे थांबतो, कारण प्रश्नांसाठी वेळ ठेवायचाय. पहिला प्रश्न चिठ्ठीवर आलाय : “त्या कुटुंबाचं पुढे काय झालं?” सांगतो. तातडीची रक्कम साधारण चौदा महिन्यांनी खात्यात आली. त्यातली बरीचशी नव्या शेठचा बयाणा फेडण्यात गेली. कायद्याने तो फेडायचा नव्हता, पण त्यांना भांडण नको होतं. उरलेल्यात दोन शेळ्या घेतल्या. एक मेली. त्या वर्षी पावसाळा त्यांनी वाडीवरच काढला, शेठचा माणूस येऊन गेला तेव्हा बाई घरात नव्हत्या, शेळी चारायला गेल्या होत्या. खटल्याची तारीख अजून पडते. मोठी रक्कम आलेली नाही.